कोण कुणाचं कोण? 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली माणसं ओळखायची कशी

ही कादंबरी मी दोनदा दहाव्या-बाराव्या प्रकरणात सोडून दिली होती. तिसऱ्यांदा नेटाने निम्म्यापर्यंत पोचले आणि तिथे डोक्याचा भुगा झाला. नेदरफील्डला तापाने अंथरुणात पडलेली जी मिस बेनेट होती तीच आता केंटमध्ये एका जहांबाज लेडीच्या दिवाणखान्यात बसून तिला तोंडावर उत्तरं देत होती, आणि मला काही केल्या कळेना की ही गरीब गाय एकदम अशी कशी बोलायला लागली. त्या दोन वेगळ्या बहिणी आहेत हे मला चक्क पंधरा पानं पुढे गेल्यावर समजलं. मग मागे येऊन परत सुरुवात.

तेव्हा मला वाटलं आपलं इंग्रजी कच्चं, पण तसं नव्हतं. त्या समाजात माणसाला हाक कशी मारायची याचे ठरलेले नियम होते, लेखिका जेन ऑस्टिनच्या वाचकांना ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले, त्यामुळे ती कुठेही समजावून सांगत बसत नाही. पुस्तक आलं जानेवारी १८१३ मध्ये, आपण वाचतोय दोनशे वर्षांनी, तर ते नियम आपल्याला वेगळे शिकायला लागतात. अर्ध्या तासाचं काम आहे. मी जसं केलं तसं सांगते.

आधी वही

पुस्तक मुळात तीन खंडांत आलं, २३, १९ आणि १९ प्रकरणं, एकूण ६१. काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडाला आकडे परत एकपासून सुरू होतात आणि मग कुणी '३४ वं प्रकरण बघ' म्हणालं की आपण शोधत बसतो. घेताना १ ते ६१ सलग आकडे असलेली घ्या. मी खाली सलग आकडेच देतेय.

आता वहीत माणसांची यादी करू नका, घरांची करा. हे महत्त्वाचं. लाँगबोर्न म्हणजे बेनेटांचं घर. ल्यूकस लॉज शेजारचं. नेदरफील्ड बिंगली नावाच्या श्रीमंत तरुणाने भाड्याने घेतलेलं. पेम्बर्ली त्याच्या मित्राचं, डार्सीचं, पार डर्बिशरमध्ये. रोझिंग्ज म्हणजे लेडी कॅथरिन डी बर्गचा वाडा, केंटमध्ये, आणि त्याच्या कुंपणाला लागून हन्सफर्डचं पाद्र्याचं घर, तिथे कॉलिन्स. आणि लंडनमध्ये ग्रेसचर्च स्ट्रीट, तिथे गार्डिनर. प्रत्येक घराला एक पान द्या आणि अर्धं पान कोरं ठेवा, का ते पुढे कळेल.

नेटवर तयार वंशवेल मिळते, ती मात्र वाचून होईपर्यंत अजिबात उघडू नका, त्यात कोणाचं लग्न कोणाशी झालं हे पहिल्याच नजरेत दिसतं आणि सगळी मजा संपते.

हाक ऐका

पाच बेनेट बहिणी: जेन, एलिझाबेथ, मेरी, किटी, लिडिया. यातल्या थोरल्या, बिनलग्नाच्या मुलीला नुसतं आडनाव, म्हणजे 'मिस बेनेट' ही जेन. धाकट्यांना नाव लावायचं, 'मिस एलिझाबेथ बेनेट'. पण थोरली तिथे हजर नसेल तर जी हजर आहे त्यांत मोठी असेल ती 'मिस बेनेट' होते. म्हणून हन्सफर्डला बहिणींशिवाय गेलेली एलिझाबेथ तिथे मिस बेनेट. माझी गाडी इथेच रुळावरून घसरली होती. तसंच बिंगलीच्या दोन बहिणी, मोठीचं लग्न झालंय म्हणून ती मिसेस हर्स्ट, आणि 'मिस बिंगली' म्हणजे कायम कॅरोलाइन. मिस ल्यूकस म्हणजे शार्लट, तिची धाकटी बहीण मरायाला पूर्ण नावाने बोलवतात. मिस डार्सी म्हणजे डार्सीची बहीण जॉर्जियाना.

आता लेडी. 'लेडी ल्यूकस' आणि 'लेडी कॅथरिन' दोन्ही लेडीच, पण एकीला आडनाव लावलंय आणि दुसरीला पहिलं नाव, आणि त्या एका फरकात जमीन-अस्मान आहे. लेडी ल्यूकसचा नवरा मेरिटन गावातला व्यापारी, मेयर असताना राजापुढे मानपत्राचं भाषण केलं आणि नाइट झाला, म्हणून तो सर विल्यम आणि त्याच्यामुळे बायको लेडी. लेडी कॅथरिन मात्र जन्मानेच लेडी, अर्लची, म्हणजे मोठ्या सरदाराची, मुलगी, तिचा मान माहेरचा आहे, नवऱ्याने दिलेला नाही. हे कळलं की ती बाई सगळ्यांना शिकवत का फिरते, कोंबड्या कशा पाळाव्यात इथपर्यंत, ते लगेच कळतं.

कुठली व्यक्ती एलिझाबेथला काय म्हणते त्यावरूनही बोलणारा ओळखता येतो. घरचे 'लिझी'. शार्लट आणि तिचे वडील 'एलायझा'. कॅरोलाइन बिंगली पण 'मिस एलायझा बेनेट' म्हणते, पण ती म्हणते तेव्हा त्यात नाक मुरडलेलं असतं. नवरा-बायको एकमेकांना मिस्टर बेनेट, मिसेस बेनेट म्हणतात, आपल्या आजी-आजोबांच्या 'अहो'सारखंच, त्यात दुरावा शोधायला जाऊ नका (दुरावा आहे, पण तो दुसरीकडे दिसतो). आणि डार्सी तिला समोरासमोर नुसतं 'एलिझाबेथ' म्हणतो ते ५८ व्या प्रकरणात, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

नावांचे काही खास सापळे आहेत, ते आधीच सांगून टाकते. किटीचं पूर्ण नाव कॅथरिन आहे, लेडी कॅथरिनचंच. कॉलिन्स विल्यम आहे आणि ल्यूकस पण सर विल्यम. कर्नल दोन आहेत, फॉर्स्टर आणि फिट्झविल्यम, फॉर्स्टर हा मेरिटनच्या पलटणीचा आणि फिट्झविल्यम डार्सीचा नातेवाईक. त्यात डार्सीचं स्वतःचं पहिलं नाव पण फिट्झविल्यमच, आईचं माहेरचं आडनाव नाव म्हणून ठेवलेलं. आणि पलटणीच्या नावाच्या जागी नुसती रेघ छापलेली दिसेल, ती छपाईची चूक नाही, तेव्हा खरं नाव टाळायची ती पद्धत होती.

नाती मराठीत लिहा

ही युक्ती मला उशिरा सुचली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली. इंग्रजीत सगळे कझिन, सगळ्या आँट, सगळे अंकल, आणि आपण तसंच वाचत राहतो. वहीत मराठीत उतरवून बघा, चित्र लख्ख होतं.

गार्डिनर हे मामा-मामी, मिसेस बेनेटचा सख्खा भाऊ. मिसेस फिलिप्स ही मावशी, गावातच राहणारी, वकिलाची बायको, जिच्याकडे पत्ते आणि गप्पा चालतात. आता दुसरी बाजू. लेडी कॅथरिन, डार्सीची आई लेडी अॅन आणि एक अर्ल ही तिघं भावंडं. म्हणजे लेडी कॅथरिन ही डार्सीची मावशी, पण कर्नल फिट्झविल्यमची आत्या, कारण तो अर्लचा मुलगा. आणि डार्सीचा तो मामेभाऊ. दोघं मिळून जॉर्जियानाचे पालक.

आणि इथे एक जागा येते जिथे मराठी वाचक दचकतो. लेडी कॅथरिनला डार्सीचं लग्न आपल्या मुलीशी, अॅनशी लावायचंय, दोघं पाळण्यात असताना ठरवलं होतं म्हणे. म्हणजे मावसभाऊ-मावसबहीण! आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाची मुलगी चालते, पण मावशीची मुलगी म्हणजे बहीणच. पुस्तकात याचं कुणालाच काही वाटत नाही, तेव्हा ही लेखिकेने दिलेली काहीतरी विकृत खूण आहे असं समजू नका, मी समजले होते.

कॉलिन्ससाठी तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, भाऊबंद. आडनाव वेगळं आहे, पण बेनेटांची इस्टेट मुलींना न जाता जवळच्या पुरुष वारसाला जाणार अशी कायदेशीर अट आहे आणि तो वारस हा. त्याच्या बापाचं आणि मिस्टर बेनेटचं वाकडं होतं. भाऊबंदकी म्हटलं की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

पैसे आणि मैल

प्रत्येक नावापुढे आकडा लिहा, लाजू नका, त्या पुस्तकातली माणसं पण लाजत नाहीत. डार्सी नाचाच्या हॉलमध्ये शिरल्यापासून पाच मिनिटांत त्याचं उत्पन्न, वर्षाला १०,००० पौंड, सगळीकडे पसरलेलं असतं. बिंगलीचं ४ ते ५ हजार, बापाने व्यापारात कमावलेले जवळपास एक लाख ठेवून गेला त्यावरचं. मिस्टर बेनेट २,०००. जॉर्जियानाच्या नावावर ३०,००० आहेत, आणि हा आकडा लक्षात ठेवा, पुढे एका माणसाला त्याच्यात फार रस आहे. एलिझाबेथच्या वाट्याला आई गेल्यानंतर १,००० पौंड, चार टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ४०. हा हिशोब कोण सांगतो माहितीये? कॉलिन्स, तिला लग्नाची मागणी घालताना.

मैलांचं पण तसंच. ३२ व्या प्रकरणात डार्सी म्हणतो की लग्न होऊन शार्लट माहेराजवळच राहायला आली, पन्नास मैल म्हणजे काय, चांगला रस्ता असेल तर अर्ध्या दिवसाचा प्रवास. एलिझाबेथला ते जवळ वाटत नाही. ज्याच्या दारात घोडागाडी उभी असते त्याला पन्नास मैल जवळ, आणि जिच्या घरचे घोडे शेतावर लागतात ती आजारी बहिणीला बघायला तीन मैल चिखलातून चालत जाते. माणूस ओळखायला त्याच्या स्वभावाचं वर्णन लागतंच असं नाही.

नाव झाका, आवाज ओळखा

ऑस्टिन संवादात 'तो म्हणाला, ती म्हणाली' फार कमी लिहिते. पहिलं प्रकरण जवळजवळ सगळं नवरा-बायकोचं बोलणं आहे आणि अर्ध्यात गेल्यावर कोण बोलतंय ते सुटतं. तिथे पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याला खूण करा, जे तावातावाने, उद्गारचिन्हं मारत बोलतंय ते मिसेस बेनेट, आणि जे गंभीर चेहऱ्याने फिरकी घेतंय ते मिस्टर बेनेट. बायकोला आपल्या मज्जातंतूंची काळजी, तर नवरा म्हणतो त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, वीस वर्षं तरी तू त्यांची आठवण काढतेयस, माझे जुने दोस्त आहेत ते. असा माणूस एकदा कानात बसला की मग नावाची गरज नाही.

पण सराव करायला सगळ्यात भारी जागा म्हणजे १३ वं प्रकरण. कॉलिन्सचं पत्र आलंय, मिस्टर बेनेट ते नाश्त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. पत्र म्हणजे आधी माफी, मग लेडी कॅथरिनची आरती, मग परत माफी, मग मी अमुक दिवशी चार वाजता येतो आणि जवळपास दोन आठवडे राहतो. पत्र संपतं आणि मग एकेक जण बोलतं, एवढ्या एका पानात अख्खं घर उभं राहतं. जेन म्हणते, त्याला भरपाई करायची इच्छा आहे हे तरी चांगलंच आहे की. एलिझाबेथ थेट विचारते, हा माणूस शहाणा असेल का? बाप म्हणतो, मला तरी वाटत नाही, उलट असेल अशी मला फार आशा आहे. मेरी पत्राच्या रचनेला मार्क देते. किटी आणि लिडियाला काही घेणंदेणं नाही कारण येणारा माणूस लाल कोटात, म्हणजे लष्करी गणवेशात, असणार नाही. आणि कालपर्यंत ज्याला शिव्या देत होती त्याच्याबद्दल आईचा राग पत्राने निम्मा उतरलेला. इथे बोटाने नावं झाकून वाचा आणि कोण ते सांगा. सहा बरोबर आले तर तुमची घडी बसली, पुढे जा.

दहाव्या प्रकरणात डार्सी बहिणीला पत्र लिहितोय आणि कॅरोलाइन जवळ बसून किती भरभर लिहिता, अक्षर काय सुंदर, लेखणीला टोक करून देऊ का, असं चालूच. तो म्हणतो, मी हळू लिहितो. टोक मी स्वतःच करतो. मला हा प्रसंग पहिल्यांदा नुसता विनोदी वाटला होता, दुसऱ्यांदा वाचताना दिसलं की त्या खोलीत त्याची स्तुती न करणारी एक बाई आहे, ती शिवण घेऊन बसलीये आणि हे सगळं ऐकतेय.

वाक्य नक्की कुणाचं?

आता अवघड पायरी. ऑस्टिनची सगळ्यात चलाख गोष्ट ही की ती दुसऱ्याचं मत स्वतःच्या आवाजात सांगते, अवतरणचिन्ह न घालता. तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे की डार्सी जगातला सगळ्यात गर्विष्ठ आणि नकोसा माणूस आणि तो परत इथे येऊ नये अशी सगळ्यांची इच्छा. आपण समजतो लेखिकाच सांगतेय, मग खरंच असणार. पण थोडं वर बघा, त्याच हॉलमधली तीच माणसं अर्धी संध्याकाळ त्याच्या उंचीवर, रुबाबावर आणि दहा हजारांवर खूश होती. म्हणजे हे मत मेरिटनचं आहे. आणि मेरिटनची खबर किती पक्की असते? बिंगली बारा बायका आणि सात पुरुष घेऊन येणार अशी बातमी होती, प्रत्यक्षात आली त्याला धरून पाच माणसं.

तेव्हा माणसाचं वर्णन आलं की समासात एक अक्षर लिहा. गाव म्हणतंय तर 'ग', एलिझाबेथला वाटतंय तर 'ए', आणि खरोखर निवेदिकाच सांगतेय तर 'नि'. 'नि' फार कमी येतात. पहिल्या प्रकरणाच्या शेवटचा परिच्छेद 'नि' आहे, तिथे ती सरळ सांगते की तेवीस वर्षं संसार करून बायकोला हा नवरा समजला नाही. आणि 'ए' वर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्याला एलिझाबेथ आवडते, ती हुशार आहे, म्हणून तिचं बरोबर असं आपण धरून चालतो आणि तिच्याबरोबरच फसतो. या कादंबरीचं सुरुवातीचं नाव 'फर्स्ट इम्प्रेशन्स' होतं, ते उगाच नव्हे.

विकहॅमला दोनदा वाचा

इथून पुढे गोष्ट फुटणार आहे. ज्यांना नको त्यांनी ३६ वं प्रकरण संपवून परत या.

१५ व्या प्रकरणात रस्त्यात डार्सी आणि पलटणीत नव्याने आलेला देखणा तरुण विकहॅम समोरासमोर येतात, एकाचा चेहरा पांढराफटक, दुसऱ्याचा लाल. कुणाचा कुठला, हे ऑस्टिन सांगत नाही! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातल्या मनात लाल डार्सीला देऊन मोकळी झाले होते. १६ व्यात फिलिप्स मावशीकडे पत्त्यांच्या टेबलावर विकहॅम एलिझाबेथला सगळी कर्मकहाणी सांगतो, डार्सीने माझा हक्क कसा बुडवला वगैरे. वाचताना आपण हळहळतो. आता ३६ वं वाचून झालं की हे परत उघडा आणि दोन रकाने आखा, एकीकडे तो काय म्हणाला, दुसरीकडे काय केलं.

म्हणाला: मी डार्सीला टाळणार नाही, टाळायचं असेल तर त्याने टाळावं. केलं: नेदरफील्डच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या मेजवानीला, आलाच नाही. म्हणाला: त्याच्या वडिलांचे उपकार आहेत, त्यांची आठवण आहे तोवर मी त्याला उघडं पाडणार नाही. केलं: डार्सी गाव सोडून गेल्याबरोबर गावभर सांगितलं. आणि हे सगळं कुणाला सांगितलं, तर जिची ओळख होऊन जेमतेम एक दिवस झालाय अशा मुलीला. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं, काही लपवलेलं नव्हतं, फक्त माणूस दिसायला छान आणि बोलायला गोड. ३६ व्या प्रकरणात एलिझाबेथ विकहॅमची खरी हकीकत सांगणारं डार्सीचं पत्र हातात धरून नेमकं हेच करते, जुने प्रसंग एकेक करून परत तपासते. वहीतलं ते अर्धं कोरं पान यासाठी.

डार्सीच्या पानाचं पण तसंच, ४३ व्या प्रकरणात पेम्बर्लीची हाउसकीपर मिसेस रेनॉल्ड्स त्याच्याबद्दल बोलते, तिने त्याला चार वर्षांचा असल्यापासून पाहिलंय. मेरिटनने एक संध्याकाळ पाहिलं होतं. कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा.

जी माणसं आपण पटकन निकालात काढतो

माझ्या वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड मात्र डार्सीच्या पानावर नाही, शार्लट ल्यूकसच्या पानावर आहे. वय २७, पैसा नाही, रूप बेताचं. कॉलिन्स आधी जेनवर डोळा ठेवून आलेला, मिसेस बेनेट शेकोटीतला विस्तव सारखा करेपर्यंत त्याने मन बदलून एलिझाबेथवर आणलं, तिने नकार दिला तर तीन दिवसांच्या आत शार्लटला मागणी, आणि ती हो म्हणाली. एलिझाबेथला धक्का बसतो आणि तिच्याबरोबर आपल्यालाही. मी वहीत लिहिलं होतं, 'घरासाठी स्वतःला विकलं.'

मग ३० व्या प्रकरणात एलिझाबेथ हन्सफर्डला राहते तेव्हा तिला प्रश्न पडतो की जेवणाची खोली मोठी आहे, खिडकीतून छान दिसतं, तर शार्लट दिवसभर बसायला ती मागची लहान खोली का वापरते. थोड्या दिवसांनी तिच्या लक्षात येतं. कॉलिन्सची खोली पुढे रस्त्याकडे, गाड्या दिसतात म्हणून तो तिथे रमतो. बायकोची बसायची जागा पण तितकीच मजेची असती तर तो उठून तिच्याकडे येऊन बसला असता. शिवाय बागकाम तब्येतीला चांगलं म्हणून ती त्याला बागेत जायला भरपूर उत्तेजन देते.

ऑस्टिनने हे जाता जाता सांगितलंय, खोलीबद्दल शार्लटच्या तोंडी एक शब्द नाही. मी जुनी ओळ खोडली आणि खाली फक्त 'मागची खोली' असं लिहून ठेवलंय.